मालकाचं नाव काय लिहू?

परवा दिवाबत्तीच्या वेळेला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता त्याचेच केस पिकायला लागलेत, पण दारात चप्पल काढून अजून तसाच अवघडून उभा राहतो. हातात एक फॉर्म होता. "बाई, एक अर्ज भरून पायजे होता. सरकारी कचेरीत द्यायचा हाय. आमच्या अक्षराचं कोनी वाचत नाही," म्हणाला. मी चष्मा लावला, पेन घेतलं. (निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी अर्ज लिहायला सांगितला की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.)

नाव लिहिलं. पत्ता लिहिला, मुक्काम पोस्ट खापरखेडा, तालुका सावनेर. किती वर्षांपासून कामावर? चौदा. कामाचं स्वरूप लिहिलं. पुढचा रकाना होता, 'मालकाचे नाव व पत्ता'. मी विचारलं, "काय लिहू रे?"

तो गप्प बसला. मग खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात गेटपास होता, त्यावर एका ठेकेदाराचं नाव. पगाराची चिठ्ठी होती, तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं. आणि ज्याच्या आवारात तो चौदा वर्षं रोज सकाळी जातो, तो तिसराच. "बाई, चौदा वर्सं झाली, मालक कोन म्हनून इचारलं तं सांगता येत नाही. ठेकेदार चार बदलले. आमी तेच."

हे कुठल्या ठिकाणचं ते मी लिहीत नाही. त्याला अजून तिथे काम करायचं आहे. खापरखेड्याच्या आसपास एवढं सगळं आहे, की एकच ठिकाण असावं असंही नाही. पण त्याने पुढे जे सांगितलं त्यावरून मी दोन रात्री नीट झोपले नाही. ही आठ-दहा माणसं संघटना करावी म्हणून एका रविवारी देवळात बसली होती. कुणी त्यांना धमकावलं नाही, कुणी मारलं नाही, कुणाला कामावरून काढलं नाही. महिनाभरात जुना ठेका संपला, नवा ठेकेदार आला, आणि त्याच्या यादीत दोघांची नावं आली नाहीत. एवढंच. बाकीचे समजायचं ते समजले.

आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी माय उभी राहिली.

*

माझं माहेर कामठीचं. आता खापरखेड्याला येऊन पन्नास वर्षं होत आली. आमच्या ह्यांची नोकरी वीज मंडळात, त्यामुळे इथे आलो. खापरखेड्याच्या नव्या वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला, पाचवा ५०० मेगावॅटचा २०११ साली, सगळे मिळून १३४०. त्या चिमण्या वर चढताना मी पाहिल्या. सिल्लेवाडा-वलनीच्या कोळसा खाणीतल्या माणसांची पोरं माझ्या वर्गात बसली. पण मजुरी म्हणजे काय हे मला खापरखेड्याने नाही शिकवलं. ते कामठीतच शिकून आले होते.

माय विड्या वळायची. आमच्या वस्तीत घरोघरी तेच होतं. तेंदूची पानं रात्री ओली करून फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटाला दोरा. दिवसभर मान खाली. हजाराच्या हिशेबाने मजुरी. शाळेतून आल्यावर मीही पानं कापली आहेत, विडीची तोंडं मुडपली आहेत. अजून तंबाखूचा वास आला की मला गणिताची वही आठवते, कारण गणितं तिथेच बसून केलेली.

संध्याकाळी माय टोपली घेऊन ठेकेदाराकडे जायची. तो बंडलं हातात घेऊन दाबायचा आणि एक ढीग बाजूला करायचा. ती 'छाट'. म्हणजे वाईट निघालेल्या विड्या. त्यांची मजुरी नाही. पण छाट परतही मिळायची नाही, ती ठेकेदाराकडेच राहायची. पुढे तिचं काय व्हायचं हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. शिवाय पानं कमी द्यायची आणि विड्या पुऱ्या मागायच्या. कमी पडलेली पानं बायकांनी पदरच्या पैशाने आणायची.

एकदा मी मायला विचारलं, "तू सेठला जाऊन का सांगत नाहीस?" ती म्हणाली, "सेठ कोन ते कोनाले ठाव? मी तं ठेकेदाराचं तोंड पायलं." विडीच्या बंडलावरच्या कागदावर छापाचं नाव होतं, पण त्या नावाचा माणूस आमच्या वस्तीत कधी आला नाही. ठेकेदाराशी भांडलं तर तो म्हणायचा, "मी काय करू, मलाही वरून तेवढेच मिळतात." आणि वर कुणी नव्हतंच, निदान आम्हाला दिसत तरी नव्हतं.

साठ वर्षांनी माझ्या ओट्यावर बसून माझ्या विद्यार्थ्याने तेच वाक्य म्हटलं. फक्त विडीच्या जागी गेटपास आला.

*

आता थोडा इतिहास. माझा मूळ विषय तोच, त्यामुळे कंटाळा आला तरी सोसा.

मालक लोक संघटना कशी मोडतात असं विचारलं, की आपल्या डोळ्यांसमोर लाठ्या, पोलीस, कुलूप, बडतर्फी येते. ते सगळं झालेलंच आहे. मद्रासच्या बिन्नी मिलचं उदाहरण पुस्तकांत असतं. १९१८ साली तिथे बी. पी. वाडियांनी मद्रास लेबर युनियन काढली. १९२० साली मालक कोर्टात गेले, वाडियांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला आणि नुकसानभरपाई मागितली. कामगारांना 'काम करू नका' असं सांगणं म्हणजे मालकाशी त्यांनी केलेला करार मोडायला लावणं, असा तो दावा. शेवटी वाडियांनी युनियनच्या कामातून बाजूला व्हावं या तडजोडीवर प्रकरण मिटलं. या प्रकरणामुळेच आपले ना. म. जोशी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी घेऊन उभे राहिले आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. संघटना करणं हा आता कट नव्हता, गुन्हा नव्हता. पण मालकाने त्या संघटनेशी बोललंच पाहिजे असं त्या कायद्यात नव्हतं.

पण हे सगळं गिरणीतलं. गिरणीला फाटक असतं, भोंगा असतो. हजार माणसं एका वेळी एका दारातून बाहेर पडतात. त्यांना एकत्र यायला वेगळी जागा लागत नाही. आणि मालक कोण हे फाटकावरच लिहिलेलं असतं.

विडीच्या धंद्यात यातलं काहीच नाही. काम घरोघर वाटलेलं. बायका एकमेकींना भेटणार त्या ठेकेदाराच्या ओट्यावर, तेही टोपली हातात घेऊन, त्याच्या देखत. अशांची संघटना करायची कशी?

ती करायला निघालेला माणूस आमच्या कामठीचाच. बाबू हरदास एल. एन. त्यांचा जन्म १९०४ चा. 'जय भीम' हे अभिवादन त्यांनी रुजवलं म्हणून त्यांचं नाव आज घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण विडी कामगारांसाठी त्यांनी काय केलं हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नसतं. १९३० च्या सुमारास त्यांनी मध्य प्रांतातल्या विडी मजुरांचा संघ उभा केला. त्यांनी बरोबर नाडी पकडली होती. ठेकेदाराशी नुसतं भांडून उपयोग नाही, ठेकेदारच मधून काढला पाहिजे, म्हणून सहकारी पद्धतीने विड्या करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९३७ साली ते नागपूर-कामठीतून प्रांतिक कायदेमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ ला क्षयाने गेले, वय अवघं पस्तीस. कन्हानच्या काठावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या नदीवर मी लहानपणी मायसोबत धुणं धुवायला जायची. तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. मायला मात्र माहीत होतं. ती त्यांचं नाव 'बाबूजी' असंच घ्यायची.

*

स्वातंत्र्य मिळालं, १९४८ चा कारखाने कायदा आला. कामाचे तास, भरपगारी रजा सगळं आलं. पण कुणाला? 'कामगारा'ला. मग विडीचे कारखानदार म्हणू लागले, की हे आमचे कामगारच नव्हेत.

हे मी रागाने लिहीत नाही, हा खरोखर सर्वोच्च न्यायालयात चाललेला वाद आहे. माझा पुतण्या वकील आहे, त्याने मला ते निकाल वाचायला दिले. मी मराठी माध्यमातली बी. ए., इंग्रजी निकाल शब्दकोश घेऊन महिनाभर वाचत बसले. पण वाचले.

१९५८ चा निकाल सागरच्या विडी कारखान्याचा. कारखानदार 'सट्टेदारां'ना पानं-तंबाखू देई, सट्टेदार आपल्या माणसांकडून विड्या करून आणून देत. न्यायालय म्हणालं, सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार, कारखान्याचे कामगार नव्हेत. मग त्यांच्या हाताखालचे तर नाहीतच.

पुढचा निकाल आमच्या नागपूरचा. तिथल्या एका विडी कारखान्यातल्या मजुरांनी पंधरा दिवसांच्या रजेचा पगार मागितला. व्यवस्थापक म्हणाला, हे लोक मनाला येईल तेव्हा येतात, मनाला येईल तेव्हा जातात, नगावर पैसे घेतात, हे कसले कामगार? न्यायालयाने पाहिलं तर हजेरी लागत होती, दुपारी बारानंतर येणाऱ्याला काम मिळत नव्हतं, खराब विड्या नाकारायचा हक्क व्यवस्थापकाकडे होता. न्यायालय म्हणालं, हे कामगारच आहेत. नागपूरचे मजूर जिंकले!

आणि पुढच्याच वर्षी, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी मजुराच्या बाबतीत, जवळपास तशाच परिस्थितीत, तिघांपैकी दोघा न्यायमूर्तींनी ठरवलं की हा कामगार नव्हे. का, तर त्याच्या येण्या-जाण्यावर मालकाचं नियंत्रण नाही.

म्हणजे पाहा. मजुराला वेळेची मोकळीक आहे असं दाखवायचं, आणि त्या मोकळिकीच्या बदल्यात त्याचं कामगारपणच काढून घ्यायचं. माझ्या मायलाही अशी मोकळीक होती. पहाटे चारला उठून विड्या वळायची आणि रात्री कंदिलाशी वळायची, कुणी अडवत नव्हतं.

मला वाटतं संघटना मोडण्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पक्की युक्ती हीच आहे. लाठी दिसते, बडतर्फीचं पत्र दिसतं, कोर्टात दाखवता येतं. पण 'तू माझा माणूसच नाहीस' असं म्हटलं की भांडायला समोर कुणी उरतच नाही. ज्याला मालक नाही त्याने संघटना करून मागायचं कुणाकडे?

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या मुख्य मालकालाही धरलं आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. कारखानदार त्याविरुद्ध लढले, १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा मान्य केला. मधल्या काळात केरळात हा कायदा अमलात येताच मंगळूरच्या मोठ्या विडी कंपन्यांनी कन्नूर भागातलं काम बंद केलं आणि हजारो माणसं एका फटक्यात घरी बसली. त्या माणसांनी १९६९ साली 'दिनेश बीडी' ही सहकारी संस्था काढली आणि ती पुढे कितीतरी वर्षं चालवून दाखवली. ते वाचताना मला बाबू हरदास आठवले. कामठीत जे तीस-चाळीस वर्षं आधी मनात आलं होतं, ते कन्नूरला उभं राहिलं.

*

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थोडा जड होतो. घरच्यांना हे माहीत नाही.

आपल्या महाराष्ट्रात १९७१ साली एक कायदा झाला, १९७५ पासून अमलात आला. कामगार संघटनांना मान्यता देणं आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणं, असं त्याचं लांबलचक नाव. त्याच्या शेवटी परिशिष्टं आहेत, आणि त्यांत मालकांनी काय करू नये याची यादी आहे. अशी यादी खरं तर १९४७ सालीच केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती करून घातली होती. संघटनेला मान्यता देणं सक्तीचं करावं म्हणून बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४३ सालीच विधेयक मांडलं होतं, त्याच वाटेवरची ती दुरुस्ती. ती मंजूर झाली, पण कधी अमलातच आणली नाही. महाराष्ट्राने ते काम केलं. पुढे १९८४ पासून केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यातही तशी यादी आली.

ती यादी मी वाचली. संघटनेत जाल तर काढून टाकू अशी धमकी देणं. संघटना केली तर कारखाना बंद करू असं सांगणं. संघटना उभी राहत असतानाच नेमकी पगारवाढ देणं, म्हणजे लोकांना वाटावं की संघटनेची गरजच काय. मालकाने स्वतःच्या पैशाने स्वतःची संघटना काढणं. पुढाऱ्याची बदली करणं. ज्येष्ठता बिघडवणं. माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी म्हणून ठेवणं, म्हणजे कायम करायला नको.

वाचता वाचता मी एका ओळीवर थांबले. इतरांमध्ये फूट पडावी किंवा संघटना दुबळी व्हावी म्हणून, लायकी नसताना काही जणांना बढती देणं.

मी ज्या शाळेत सुरुवातीला होते (नाव नको) तिथे १९८३ च्या सुमाराला आमची सही होई एका आकड्यावर आणि हातात येई दुसराच. आमच्यातल्या एका गणिताच्या शिक्षकांनी घरोघर जाऊन एक कागद फिरवायला सुरुवात केली, सगळ्यांनी मिळून शिक्षक संघटनेत जाऊ म्हणून. अकरा सह्या झाल्या होत्या. माझी बारावी होणार होती. मी म्हटलं, उद्या करते.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांनी मला घरी चहाला बोलावलं. चांगलं बोलले. आपली शाळा म्हणजे एक कुटुंब आहे, शिकवणं हे पवित्र काम आहे, आपण काय गिरणीतले मजूर आहोत का, असं बरंच. मग म्हणाले, पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय, तुमचं नाव माझ्या मनात आहे. माझ्याआधी चार जण ज्येष्ठ होते. मला हे माहीत होतं आणि त्यांनाही.

मी दुसऱ्या दिवशी सही केली नाही. पोरं लहान होती, घराचे हप्ते होते, ही कारणं खरीच होती. गणिताच्या सरांची संस्थेच्या दूरच्या शाळेत बदली झाली. बाकीच्या अकरा जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि त्याहून वाईट म्हणजे हळूहळू एकमेकांशीही सोडलं, कारण आता कोण केव्हा चहाला जाईल याचा भरवसा कुणाला राहिला नव्हता. कागद तिथेच संपला. वर्षभराने मी ती शाळा सोडली, पण ती पर्यवेक्षकाची खुर्ची मी वर्षभर वापरली हे खरं.

विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीने हे केलं. मायला मी कधी सांगितलं नाही. तिला पेढे दिले होते बढतीचे.

कायद्याच्या त्या ओळीने मला चाळीस वर्षांनी समजावून सांगितलं, की अध्यक्षांना माझं कौतुक नव्हतं. त्यांना बारावी सही नको होती. आणि गंमत अशी, की तो कायदा तेव्हा अमलात असूनही माझ्या उपयोगाचा नव्हताच. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, शिकवणं हे एक थोर व्रत आहे. अध्यक्ष चहा पिताना हेच म्हणाले होते. मायला कामगार म्हणायला कायदा कचरत होता, मला म्हणायलाही. तिला मोकळीक म्हणून, मला मोठेपणा म्हणून.

*

पुन्हा आपल्या अर्जाकडे येते.

ठेकेदारी कामगारांसाठी १९७० चा कायदा होता. कायम स्वरूपाच्या कामात ठेकेदारी सरकार बंद करू शकेल, ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा, असं त्यात होतं. पण २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं, की ठेकेदारी बंद झाली म्हणून ते कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत. ठेका नुसता दिखाऊ होता हे सिद्ध करता आलं, तर गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांचे निकाल आले. एकात उपाहारगृहातले कामगार होते, दुसऱ्यात साफसफाईचे, दोन्हीकडे ठेकेदारामार्फत. ते १९७१ च्या त्या यादीच्या कायद्याखाली दाद मागायला गेले. न्यायालय म्हणालं, आधी तुम्ही या मालकाचे कामगार आहात हे दुसऱ्या कायद्याखाली ठरवून या, मग इथे या.

म्हणजे मालकाच्या सगळ्या युक्त्यांची यादी केलेला कायदा आहे, पण मालकाने 'हे माझे कामगारच नव्हेत' म्हटलं की त्या कायद्याचं दार लागतं. मला पुतण्याने हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हे तर मायच्या ठेकेदाराचंच उत्तर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. १९२६, १९४७, १९६६, १९७० चे हे केंद्राचे जुने कायदे आता त्यांत विलीन झालेत. अनुचित प्रथांची यादी नव्या संहितेतही आहे. पुढे काय होतं ते तरुण मंडळींनी पाहावं. पण एक सांगते, यादी कितीही लांब केली तरी 'मालकाचे नाव' हा रकाना भरता आला नाही तर ती कामाची नाही.

आणि दोष फक्त मालकांचाच कशाला? आम्ही कायम नोकरीवाल्या घरांतली माणसं. आमच्या संघटना होत्या, पगारवाढीचे करार होते. त्याच आवारात, त्याच धुळीत काम करणारा ठेक्यावरचा माणूस डबा खायला वेगळा बसायचा, आणि आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. आमचे हे निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले होते, "आपण त्यांना कधी विचारलंच नाही." मी तेव्हा वरण ढवळत होते, काही बोलले नाही.

तर त्या संध्याकाळी मी काय केलं? त्या रकान्यात तिन्ही नावं लिहिली. रकाना लहान होता, अक्षर बारीक केलं. खाली कागदांची यादी जोडली, गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेच्या पासबुकाची नक्कल. चारही ठेकेदारांची नावं आणि सालं वेगळ्या कागदावर ओळीने मांडली. ठेकेदार बदलले, माणूस आणि काम तेच, हे त्या तक्त्यावरून आठवीच्या पोरालाही कळेल. पुतण्या म्हणाला, आत्या, हेच उपयोगी पडतं.

विद्यार्थी जाताना म्हणाला, "बाई, बाकीचे सात जन हायेत. त्याईचे बी लिहून द्याल का?" मी म्हटलं, पाठव. एकेक करून नको, सगळ्यांना एकदमच घेऊन ये, चहा मी ठेवते.

मायकडे एकही कागद नव्हता. कार्ड नाही, हजेरीपुस्तक नाही, पावती नाही. चाळीस वर्षं विड्या वळल्या, आणि तिने त्या वळल्या याचा पुरावा म्हणजे तिची वाकडी झालेली बोटं. म्हणून भाच्या-पुतण्यांनो, आणि इथे वाचायला येणाऱ्या मंडळींनो, एक विनंती. तुमच्या घरी भांडी घासायला येणारी असो, सोसायटीच्या फाटकावरचा असो, की जेवण पोचवणारा पोरगा असो, त्याला एवढं नक्की सांगा, की मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेव. आणि कधी तो अर्ज घेऊन आला, तर लिहून द्या.